अकरावीला सहा एपी आणि ऑर्केस्ट्रा: काय ठेवायचं, काय सोडायचं?

रानजाई:

नमस्कार मंडळी. शाळेचा कोर्स सिलेक्शनचा फॉर्म शुक्रवारी बंद होतोय आणि घरात सरळ दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारतेय. पोस्ट लांब आहे, आधीच सांगते.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. मुलगा दहावीत आहे. पब्लिक स्कूल, त्याच्या बॅचला साधारण सातशे मुलं. दिवसाला सात पिरियड. यंदा एपी (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेतच कॉलेजच्या पातळीचा विषय) वर्ल्ड हिस्ट्री, ॲडव्हान्स्ड प्रीकॅल्क्युलस, ॲडव्हान्स्ड केमिस्ट्री वगैरे चालू आहे आणि मार्क चांगले आहेत. पुढच्या वर्षासाठी त्याच्या बाबाने एक्सेल शीट केलीय. कॅल्क्युलस बीसी, एपी केमिस्ट्री, एपी फिजिक्स १, एपी लँग (इंग्लिश), एपी यूएस हिस्ट्री (ज्याला ही पोरं अपुश म्हणतात) आणि कॉम्प्युटर सायन्स ए. झाले सहा. सातव्या पिरियडला ऑर्केस्ट्रा.

खरं भांडण सातव्या पिरियडवरून आहे. आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये एपीला जास्तीत जास्त ६, ॲडव्हान्स्डला ५.५ आणि साध्या कोर्सला ५ असं स्केल आहे. ऑर्केस्ट्रा साध्यात येतो. म्हणजे पोराला तिथे शंभरपैकी शंभर पडले तरी ५च. बाबाचं गणित असं: सहा एपी अधिक ऑर्केस्ट्रा म्हणजे ४१ भागिले ७, ५.८५७. ऑर्केस्ट्राच्या जागी एपी सायकॉलॉजी घेतलं तर पूर्ण ६. "दरवर्षी तेवढं कमी पडणार, आणि ते फक्त व्हायोलापायी."

हो, व्हायोला. व्हायोलिन नाही. हे मला दर गणपतीला कोणाला ना कोणाला सांगावं लागतं. सहावीपासून वाजवतोय. गेल्या शरद ऋतूत ऑल-रीजनची (विभागातल्या शाळांतून निवडलेल्या ऑर्केस्ट्राची) ऑडिशन दिली आणि निवड झाली. फार बोलणारा मुलगा नाही, पण त्या खोलीतून बाहेर येतो तेव्हा वेगळा दिसतो एवढं आईला कळतं.

त्याला इंजिनिअरिंग करायचंय, बहुधा मेकॅनिकल. यादीत यूटी ऑस्टिन, टेक्सास ए अँड एम, पर्ड्यू, जॉर्जिया टेक आणि बाबाच्या आग्रहाखातर एमआयटी.

मी सांगलीची. आमच्या वेळी निवड कसली, पीसीएम की पीसीबी, आणि बायफोकलला इलेक्ट्रॉनिक्स की क्रॉप सायन्स. फॉर्म पाच मिनिटांत भरून बाहेर भेळ खायला मोकळे. इथे तीन आठवडे झाले, आम्ही अजून भरतोच आहोत. पॉटलकला गेलं की प्रत्येकाचं वेगळं. एक म्हणते बारा एपी नसतील तर यूटी विसरा, दुसरी म्हणते कॉलेजवाल्यांना एपीचा आता कंटाळा आलाय.

तर प्रश्न दोन. सहा एपी एका वर्षात झेपतात का, आणि त्याने प्रवेशात खरंच फरक पडतो का? आणि ऑर्केस्ट्राचं काय करायचं?

---

गल्फकाठचा_तात्या:

रानजाई, दोन पोरं टेक्सासमधूनच कॉलेजात घातली, त्यामुळे या जीपीएच्या (म्हणजे सरासरी गुणांच्या) खातेवहीत आम्ही मुरलोय.

पॉटलकवर जाऊ नका, कायद्यावर जा. टेक्सासमध्ये १९९७ पासून टॉप टेन पर्सेंटचा नियम आहे. राज्यातल्या शाळेत वरच्या दहा टक्क्यांत असाल तर सरकारी विद्यापीठात आपोआप प्रवेश. यूटी ऑस्टिनला गर्दी फार, म्हणून त्यांना वेगळी सवलत: टेक्सासच्या मुलांसाठीच्या पंच्याहत्तर टक्के जागा भरतील इतकीच मुलं आपोआप घ्यायची. त्यामुळे त्यांची रेघ वर सरकत गेली. बरीच वर्षं ६ टक्के होती, २०२६च्या फॉलपासून ५ केलीय. तुमच्या सातशेच्या बॅचमध्ये पाच टक्के म्हणजे ३५ मुलं. ए अँड एमला दहा टक्केच, म्हणजे ७०.

आता दोन गोष्टी कान देऊन ऐका. एक, हा ऑटो प्रवेश विद्यापीठात असतो, इंजिनिअरिंगमध्ये नव्हे. मेकॅनिकलची जागा ते वेगळा अर्ज बघून देतात. टॉप पाच टक्क्यांत असूनही दुसराच मेजर (मुख्य विषय) हातात पडलेली पोरं आमच्या ओळखीत आहेत. दोन, रँक धरतात तो अकरावीच्या शेवटचा. बारावीत काय दिवे लावले ते या नियमापुरतं मोजत नाहीत.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर आधी डिस्ट्रिक्टचं ॲकॅडमिक हँडबुक उघडलं असतं. रँकच्या जीपीएत कुठले विषय धरतात ते प्रत्येक डिस्ट्रिक्टचं निराळं. काही ठिकाणी इंग्लिश, गणित, सायन्स, सोशल स्टडीज आणि भाषा एवढेच धरतात, आणि मग व्हायोलावरचं भांडण जागच्या जागी मिटतं. तुमच्याकडे ऑर्केस्ट्रा धरत असतील तरी साहेबांची शीट थोडी पुढे न्या. एका वर्षात ०.१४३चा फरक. रँकला नववी, दहावी, अकरावी तिन्ही वर्षं येतात, म्हणजे एकूणात फरक साधारण ०.०५. मुलगा आज विसावा असेल तर याने काही बिघडत नाही. शंभरावा असेल तर याने काही साधत नाही. पस्तिसाच्या आगेमागे घोटाळत असेल तरच वाद घालण्यात अर्थ. आणि खरं सांगायचं तर वरच्या गर्दीत ०.०५मध्ये पाच-दहा पोरं सहज मावतात, तेव्हा साहेब अगदीच चुकीचे आहेत असं नाही म्हणणार.

आज रँक किती आहे ते लिहिलंच नाहीत तुम्ही.

जाता जाता: ऑटो प्रवेशाला डिस्टिंग्विश्ड लेव्हल ऑफ अचीव्हमेंटही (हायस्कूल डिप्लोमाची वरची पातळी) लागतं. अल्जिब्रा २ झालंय म्हणजे अर्धं काम झालं, बाकीचं काउन्सेलरकडून एकदा तपासून घ्या.

---

शुभ्रा_पारसिपनी:

मी न्यू जर्सीत पब्लिक हायस्कूलमध्ये गणित शिकवते, कॅल्क्युलसच्या एबी आणि बीसी दोन्ही वर्गांना. तात्यांनी रँकचं सांगितलं. आमच्या शाळेत रँक नाहीच, तेव्हा मी वर्गाच्या आतून काय दिसतं ते सांगते.

आधी तुमचा फरक पडतो का हा प्रश्न. कॉमन ॲपबरोबर (अनेक कॉलेजांना चालणारा एकच अर्ज) काउन्सेलर एक स्कूल रिपोर्ट पाठवतात. त्यात एक चौकट असते: या मुलाने घेतलेले विषय तुमच्या शाळेत जे उपलब्ध होतं त्या मानाने किती अवघड होते? पाच पर्याय, सगळ्यात वरचा 'मोस्ट डिमांडिंग'. सोबत स्कूल प्रोफाइल जातं, म्हणजे शाळेत एपी किती, जीपीएत कुठल्या कोर्सला किती वजन, मुलं कुठे जातात. एमआयटी असो की पर्ड्यू, वाचणारा माणूस तुमच्या मुलाला त्या प्रोफाइलशेजारी ठेवून बघतो. दुसऱ्या राज्यातल्या कुणाच्या बारा एपीशी त्याची तुलना नसते. म्हणून काउन्सेलरना आडवळणाने विचारू नका, ताकाला जाऊन भांडं लपवायचं कशाला? सरळ विचारा, आपल्या शाळेत 'मोस्ट डिमांडिंग'वर खूण करायला साधारण काय लागतं. बहुतेक शाळांत पाच एपीवाला आणि सहा एपीवाला एकाच चौकटीत बसतात. पाचव्याने जे मिळालं त्यात सहावा भर घालत नाही, झोप मात्र कमी करतो.

आता विषय. कॅल्क्युलस बीसी म्हणजे एबी अधिक थोडं: सिरीज, पॅरामेट्रिक आणि पोलर, इंटिग्रेशनच्या आणखी दोन-तीन रीती. बीसीच्या पेपरात एबीचा सबस्कोअर वेगळा मिळतोच. अलीकडच्या वर्षांत बीसीला चाळीस टक्क्यांहून जास्त मुलांना पाचपैकी ५ मिळालेत. त्यावरून पेपर सोपा आहे असं समजू नका, तिथवर पोचणारी मुलंच चाळणीतून आलेली असतात. प्रीकॅल्कवरून थेट बीसीला जायला हरकत नाही, पण मुलाची एक परीक्षा घरी घ्या. कागद द्या, कॅल्क्युलेटर काढून घ्या, आणि १ भागिले (एक्स वर्ग वजा १) याचे दोन अपूर्णांकांत तुकडे करायला सांगा. मार्च महिन्यात माझ्या बीसीच्या वर्गात हेच चालू असतं. लॉग लिहायला कोणी चुकत नाही. दुसऱ्या तुकड्याचं वजा चिन्ह मात्र अर्ध्या वर्गाचं वाटेत सांडतं. कॅल्क्युलस दोन ओळींचं आणि बीजगणित सात ओळींचं, अशी ती सगळी भानगड आहे. बीजगणितात हात बसलेला असेल तर बीसी खुशाल घेऊ द्या.

फिजिक्स १ कशासाठी घेताय ते मला कळलं नाही. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलाचा खरा विषय फिजिक्स सी. त्यात कॅल्क्युलस वापरतात, आणि बीसी झाल्यावर बारावीला तो मस्त लागतो. फिजिक्स १ बीजगणितावरचं, पण सोपं मुळीच नाही. कित्येक वर्षं त्यात ५ मिळवणारे दहा टक्क्यांच्याही खाली असायचे. २०२४ पासून त्यात फ्लुइड्सही घातलंय. शाळा फिजिक्स १ शिवाय सी देत असेल तर अकरावीला केमिस्ट्री, बारावीला सी, एवढं पुरे. दोन्ही प्रयोगशाळेचे विषय एका वर्षात म्हणजे दर आठवड्याला दोन लॅब रिपोर्ट.

अपुश आणि लँग एकत्र ही जोडी सगळे घेतात, पण तिचं वजन पालकांना आधी कळत नाही. अपुशच्या पेपरात सात कागदपत्रं समोर ठेवतात, कुणाचं पत्र, कुठलं भाषण, एखादं व्यंगचित्र, आणि तासाभरात त्यांच्या आधारे निबंध. लँगमध्ये तीन निबंध. वर्षभर याचाच सराव. गणितातल्या हुशार मुलांची संध्याकाळ कॅल्क्युलसमध्ये जात नाही, ती इथे जाते. मी रोज बघते.

आणखी एक, जे कोणत्याच एक्सेलमध्ये येत नाही. शिफारसपत्रं बहुतांशी अकरावीच्या शिक्षकांकडूनच घेतात. एमआयटी एक गणित किंवा सायन्सचं आणि एक ह्युमॅनिटीजचं मागते. सहा एपीत धापा टाकणारा मुलगा वर्गात हात वर करत नाही, थांबून प्रश्न विचारत नाही. पत्र लिहायला बसले की मला त्याचे मार्कच तेवढे आठवतात, आणि मार्क तर ट्रान्सक्रिप्टवर आधीच असतात.

परीक्षांचं म्हणाल तर सगळ्या मे महिन्याच्या पहिल्या दोन आठवड्यांत. २०२५ मध्ये फी प्रत्येकी ९९ डॉलर होती, म्हणजे सहाचे सहाशेच्या घरात. नोंदणी नोव्हेंबरमध्येच करावी लागते, नंतर रद्द केलं तर ४० डॉलर दंड. जीपीएतलं वजन वर्गाचं असतं, परीक्षेचं नव्हे. शाळेची सक्ती नसेल तर प्रत्येक विषयाचा पेपर दिलाच पाहिजे असं नाही.

ऑर्केस्ट्रावर माझं मत स्पष्ट आहे, ठेवा. सहावी ते बारावी एकच वाद्य आणि वर ऑल-रीजन, हे अर्जात सायकॉलॉजीपेक्षा कितीतरी ठळक दिसतं.

आणि मुलाला काय हवंय? एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये त्याचं एकही वाक्य नाही.

---

खाडीकाठी:

बे एरियातून. माझं जरा उलट मत आहे, रागावू नका.

आमच्याकडे रँक वगैरे नाही, पण यूसीचं (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) सूत्र फार बोलकं आहे. ते दहावी आणि अकरावीचेच मार्क जीपीएला धरतात, आणि एपीचा जादा गुण जास्तीत जास्त आठ सेमिस्टरना देतात, त्यातही दहावीचे चारहून अधिक नाहीत. म्हणजे दोन वर्षांत मिळून वर्षभराचे चार एपी झाले की त्या जीपीएत पुढची भर शून्य. बाकीचे एपी वाचणाऱ्याच्या नजरेला दिसतात, ते ठीक. पण आकडा तिथेच थांबतो. तुम्ही बाहेरच्या राज्यातून यूसीला अर्ज केलात तर शाळेच्या ॲडव्हान्स्डला जादा गुण नाही, फक्त एपी आणि आयबीला. एसएटी तर ते बघतच नाहीत.

तेव्हा सहा एपी ही एक ना धड भाराभर चिंध्या, शुभ्राताईंशी सहमत.

पण ऑर्केस्ट्रा शाळेच्या पिरियडमध्येच का? युथ ऑर्केस्ट्रा बाहेर असतात, शनिवारी तालीम असते. आमच्या मुलीने शाळेतला सोडला, बाहेरचा धरला आणि तो पिरियड एपी स्टॅटला (स्टॅटिस्टिक्स) दिला. वाद्यही राहिलं, विषयही मिळाला.

---

शुभ्रा_पारसिपनी:

@खाडीकाठी, कॅलिफोर्नियात चालत असेल. टेक्सासमध्ये ऑल-रीजन, ऑल-स्टेट हा सगळा प्रकार शाळेच्या संगीत शिक्षकांच्या संघटनेमार्फत चालतो. शाळेच्या ऑर्केस्ट्रात नसलेल्या मुलाला त्या ऑडिशनला बसता येईल का, हे आधी विचारून घ्या. शिवाय शनिवारची तालीम म्हणजे कुणीतरी गाडी चालवणार. ते कोण, हे आपण सगळ्या आयांना माहीत आहे.

---

वरणफळं:

हाय काकू. मी यूटीला आहे, मेकॅनिकल, सेकंड इयर. माझं मराठी मराठी शाळेतलं आहे, सांभाळून घ्या.

अपुशबद्दल कोणी एक गोष्ट सांगितली नाही. टेक्सासच्या प्रत्येक पब्लिक युनिव्हर्सिटीत, मेजर काहीही असो, सहा क्रेडिट-अवर्स अमेरिकन हिस्ट्री आणि सहा क्रेडिट-अवर्स गव्हर्नमेंट करावंच लागतं. स्टेटचा लॉ आहे. इंजिनिअरला पण सुटका नाही. हायस्कूलमध्ये एपी केलं आणि स्कोअर चांगला आला तर तो भार उतरतो. २०१५च्या लॉप्रमाणे पब्लिक युनिव्हर्सिटींनी एपीच्या ३ला पण साधारणपणे क्रेडिट द्यायचं असतं. ज्या कोर्सला जास्त स्कोअर मागायचा असेल तिथे त्यांना कारण दाखवावं लागतं.

दुसरा रस्ता म्हणजे ड्युअल क्रेडिट, हायस्कूलमध्ये असतानाच कम्युनिटी कॉलेजचा हिस्ट्री १३०१ आणि १३०२. टेक्सासच्या कम्युनिटी कॉलेजांत नंबर कॉमन आहेत, त्यामुळे ट्रान्सफर होतं. मेमध्ये तीन तासांची परीक्षा नाही. पण तो ग्रेड कायमचा कॉलेज ट्रान्सक्रिप्टवर राहतो, सोळाव्या वर्षी मिळालेला बी पण. यूटीचं ऑनरॅम्प्स (हायस्कूलमध्येच यूटीचा कोर्स) असेल तुमच्या शाळेत तर ते वेगळं आहे, तिथे ग्रेड बघून मग क्रेडिट घ्यायचं की नाही ते ठरवता येतं. माझ्या फ्रेंडने फिजिक्सला तेच केलं. तुमच्या लिस्टमध्ये बाहेरची कॉलेजं आहेत म्हणून मी अपुशच म्हणेन. प्रायव्हेट कॉलेजं ड्युअल क्रेडिट घेतीलच असं नाही. एपीचं क्रेडिट पण सगळी देत नाहीत, डार्टमथने तर कधीच बंद केलं, पण निदान एपी म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत असतं.

बीसीचं क्रेडिट घेतलं तर सिरीज उन्हाळ्यात परत करायला सांगा त्याला. पुढचा कॅल्क तिथूनच सुरू झाल्यासारखा वाटतो, आणि प्रोफेसर मागे वळून बघत नाही.

कॉम्प सायन्स ए जावामध्ये आहे. मेकॅनिकलला आम्ही पायथन आणि मॅटलॅब वापरतो. लॉजिक उपयोगी पडतं, पण फक्त नंबर वाढवायला घेत असेल तर कंटाळेल.

आणि इथे म्युझिक मेजर नसलेल्यांसाठी वेगळा ऑर्केस्ट्रा आहे. व्हायोलावाले कुठेही कमीच असतात.

---

रानजाई:

सगळ्यांना आधी मनापासून थँक्यू. काल रात्री तिघं टेबलाशी बसलो, बऱ्याच गोष्टी बाहेर आल्या.

तात्या, हँडबुक उघडलं. आमच्याकडे ऑर्केस्ट्रा धरतात, म्हणजे ती पळवाट बंद. रँक सध्या ५२. बाबाचा चेहरा पडला, कारण पस्तीस लांब आहे. पण तुमच्या हिशोबाने सत्तरच्या आत आहे, म्हणजे ए अँड एम टप्प्यात.

शुभ्राताई, तुमचा शेवटचा प्रश्न जरा बोचला, पण विचारला त्याला. तर चिरंजीवांनी दप्तरातून एक चुरगळलेलं पत्रक काढलं. डिस्ट्रिक्टचं करिअर सेंटर आहे, तिथे ऑटोमोटिव्ह टेक्नॉलॉजीचा कोर्स. गाडी लिफ्टवर चढवून ब्रेक, सस्पेन्शन, इंजिन सगळं हाताने करायचं. बस नेते-आणते, दोन पिरियड जातात. महिनाभर ते पत्रक दप्तरात होतं आणि बाबा सहा एपी बोलत होता म्हणून हा गप्प. "मला इंजिन उघडून बघायचंय" एवढंच म्हणाला. बाबा मिनिटभर काहीच बोलला नाही, मग म्हणाला, "माझ्या गाडीला हात लावायचा नाही."

पण आता गणित आणखी बिघडलं. तोही साधाच कोर्स, दोन पिरियडचा. चार एपी, ऑर्केस्ट्रा आणि ऑटोचे दोन, म्हणजे २४ अधिक १५, ३९ भागिले ७, ५.५७. याने सत्तरच्याही बाहेर ढकलला गेला तर? आणि कॉलेजला वाटेल का की पोराने अवघड विषय सोडून गॅरेज धरलं?

---

गल्फकाठचा_तात्या:

वा! पोरगं कामाचं आहे.

पहिल्या उत्तरात काय सांगितलं होतं? रँक अकरावीच्या शेवटचा. मग ऑटो बारावीला घ्या की! अकरावीला एपीची गर्दी, बारावीला लिफ्ट. टॉप टेनच्या नियमापुरता बारावीचा साधा कोर्स कुणी मोजत नाही. फक्त त्या सेंटरला बारावीत नव्याने प्रवेश देतात का, की अकरावीचा पहिला कोर्स आधी झालेला लागतो, हे उद्याच फोन करून विचारा. सगळं त्यावर अडलंय.

एक सावधगिरी. ए अँड एमचा आपोआप मिळणारा प्रवेशही इंजिनिअरिंगचा नव्हे. तिथे इंजिनिअरिंगचा विचार वेगळा होतो, आणि घेतलं तरी आधी जनरल इंजिनिअरिंग, पहिल्या वर्षाच्या मार्कांवर शाखा.

---

शुभ्रा_पारसिपनी:

तात्यांची युक्ती पक्की आहे. मी दोन वर्षं शेजारी-शेजारी मांडून बघितली.

अकरावी: बीसी, एपी केमिस्ट्री, लँग, अपुश, कॉम्प्युटर सायन्स ए, ॲडव्हान्स्ड स्पॅनिश ३ आणि ऑर्केस्ट्रा. पाच एपीचे ३०, स्पॅनिशचे ५.५, ऑर्केस्ट्राचे ५, एकूण ४०.५ भागिले ७, ५.७८६. साहेबांच्या सहा एपीच्या बेतापेक्षा ०.०७ कमी, तेही एका वर्षापुरतं. स्पॅनिश मुद्दाम घातलंय. टेक्सासला दोन वर्षं भाषा पुरते, पण वरची खासगी कॉलेजं तीन-चार वर्षं बघतात, आणि पालक नेमकी तीच कापतात. कॉम्प्युटर सायन्समध्ये त्याला रस नसेल तर तिथे फिजिक्स १ ठेवा, पण मग दोन लॅबची तयारी ठेवा.

बारावी: फिजिक्स सी, एपी लिट (इंग्लिश साहित्य), गव्हर्नमेंट आणि इकॉनॉमिक्स अर्धं-अर्धं वर्ष, बीसीच्या पुढचं जे गणित शाळेत असेल ते, ऑर्केस्ट्रा आणि दोन पिरियड ऑटो. बरोबर सात.

कॉलेजला काय वाटेल म्हणता? बीसी, केमिस्ट्री, फिजिक्स सी सोडून गॅरेजला गेला असता तर वाटलं असतं. ते सगळं ठेवून, वर इंजिन उघडायला जाणारा मेकॅनिकलचा मुलगा आहे हा. माझ्याकडे असा विद्यार्थी आला तर पत्र लिहायला मला वेळ लागणार नाही. अर्ज नोव्हेंबरच्या सुमाराला जातो, तोवर सेंटरला दोन-अडीच महिने झालेले असतील, निबंधात लिहायला तेवढं पुष्कळ. फक्त एक लक्षात ठेवा: बारावीचं वेळापत्रक अर्जात जातं, हिवाळ्यात मिड-इयर रिपोर्टही जातो. प्रवेश मिळाल्यावर मे महिन्यात विषय टाकून मोकळं होता येत नाही.

काउन्सेलरना तो चौकटीचा प्रश्न मात्र विचाराच, बारावीचा ऑटो धरून.

---

खाडीकाठी:

बघा, आमच्याकडच्या शाळेत असं सेंटर असतं तर मीच गेलो असतो. ऑर्केस्ट्राबद्दलचं मत मागे घेत नाही, पण आग्रहही नाही.

---

रानजाई:

आज सेंटरला फोन केला. बारावीला थेट घेतात, पण वेगळा अर्ज आहे आणि जागा मर्यादित. तो अर्ज पुढच्या हिवाळ्यात. काउन्सेलरबाई म्हणाल्या की आमच्या शाळेत अकरावीला चार-पाच एपी आणि बारावीला तीन-चार असतील तर त्या 'मोस्ट डिमांडिंग' लिहितात, मग बारावीला करिअर सेंटर असो की बँड. फिजिक्स सीला फिजिक्स १ ची अट नाही, कॅल्क्युलस झालेलं किंवा चालू असलं की पुरे. बाबाची शीट आता दोन पानी झालीय, दुसऱ्या पानाला नाव दिलंय 'लिफ्ट'.

शुभ्राताईंचा अकरावीचा बेत जसाच्या तसा भरतोय. कॉम्प्युटर सायन्स ठेवू या, असं तोच म्हणाला. बीजगणिताची तुमची ती परीक्षाही घेतली. वजा चिन्ह सांडलं नाही, पण कागदावर कोपऱ्यात पिस्टनचं चित्र होतं.

शेवटचं: फॉर्मवर खाली 'अल्टरनेट' असे दोन रकाने आहेत. ते रिकामे सोडले तर चालतात का?

---

वरणफळं:

नको काकू! रिकामे सोडलेत तर वेळापत्रक जुळलं नाही की कॉम्प्युटर त्याला जिथे जागा असेल तिथे टाकतो. माझा एक मित्र वर्षभर फ्लोरल डिझाइनला होता. तसं त्याला आवडलं, पण तो मुद्दा नाही.

---

शुभ्रा_पारसिपनी:

रिकामे नकोच. वरचा ऑर्केस्ट्रा बहुधा दिवसात एकाच पिरियडला असतो, आणि एपी केमिस्ट्रीचे वर्गही मोजकेच असतात. टक्कर झाली तर ऑगस्टमध्ये कळतं, आणि तेव्हा सगळे चांगले वर्ग भरलेले असतात. पहिल्या रकान्यात एपी स्टॅट लिहा, दुसऱ्यात फिजिक्स १. आणि काउन्सेलरना आत्ताच ईमेल करा की टक्कर झाली तर ऑर्केस्ट्रा हलवायचा नाही, कॉम्प्युटर सायन्स हलवायचं. हे लेखी असलं म्हणजे वेळापत्रक लावणाऱ्याला सोपं जातं, त्या बिचाऱ्याकडे सातशे फॉर्म असतात.